टोलपडलचं चॅपल आणि आठवड्याची पेनी

चर्च म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उंच मनोरा येतो. इंग्लंडच्या दक्षिणेकडे, डॉर्सेटमधल्या टोलपडल गावातलं जुनं मेथडिस्ट चॅपल तसं नाही. मातीत पेंढा कालवून रचलेल्या भिंतींची ती एक साधी खोली. बांधली १८१८ साली.

मग तिचा इतिहास आज कशाला? कारण इथे शेतमजूर प्रार्थनेबरोबर आणखी एक गोष्ट शिकत होते, संघटना चालवणं.

थोडं मागे जाऊ. १७४२ मध्ये ब्रिस्टलला प्रार्थनागृहाचं कर्ज फेडायचं होतं. तेव्हा जॉन वेस्लींच्या अनुयायांचे बारा-बारा जणांचे गट पाडले गेले. माणशी आठवड्याला एक पेनी, आणि ती गोळा करायला एक गटप्रमुख. कर्जासाठी काढलेली ही युक्ती पुढे पंथाची घडीच होऊन बसली. शिवाय प्रवचनाला पाद्रीच हवा असंही नव्हतं. नांगर धरणारा माणूसही चारचौघांत उभा राहून बोलायला शिके.

जॉर्ज लव्हलेस हा असाच नांगऱ्या आणि प्रवचनकार. टोलपडलमध्ये आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून आठवर, मग सातवर आली. आता सहाच मिळणार, असं कळलं. तेव्हा १८३३ मध्ये मजुरांनी संघ काढला. वर्गणी किती? प्रवेशाला एक शिलिंग, आणि पुढे आठवड्याला तीच एक पेनी!

संघ काढणं बेकायदा नव्हतं. ती बंदी १८२४ मध्येच उठली होती. म्हणून सरकारनं बेकायदा शपथ घेतल्याचा ठपका ठेवला. त्यासाठी आरमारातल्या बंडामुळे १७९७ मध्ये केलेला कायदा उकरून काढला. मार्च १८३४ मध्ये सहा जणांना सात वर्षांची हद्दपारी झाली. त्यांतले पाच मेथडिस्ट होते. लंडनमध्ये प्रचंड मोर्चा निघाला, लोक मागे हटले नाहीत, आणि १८३६ मध्ये सरकारला माफी द्यावी लागली.

मात्र चॅपलनं कामगार चळवळ जन्माला घातली, असं आम्ही म्हणणार नाही. पंथाचे त्या काळचे वरिष्ठ राजनिष्ठ होते. अशा चळवळींपासून ते चार हात दूरच राहत. चॅपलनं मजुरांना राजकारण दिलं नाही. दिल्या त्या सवयी: नेमानं जमायचं, वर्गणी भरायची, बोलायचं, एकमेकांवर विश्वास ठेवायचा. त्या कुठे वापरायच्या, हे मजुरांनी स्वतः ठरवलं.

१८६० च्या दशकात गावात नवं चॅपल झालं आणि जुनं शेतीच्या कोठारासारखं वापरात गेलं. २०१५ मध्ये एका न्यासानं ते जतनासाठी विकत घेतलं. इतकी वर्षं शेतातलं सामान राखणाऱ्या त्या भिंतींनी त्याआधी काय घडवलं होतं, हे आता लोकांना तिथे उभं राहून समजून घेता येईल.