हिरा कोणाचा? – ‘द मूनस्टोन’ पुन्हा वाचताना

रहस्यकथा एकदाच वाचावी, चोर कळला की पुस्तक मिटावे, असा सर्वसाधारण समज आहे. विल्की कॉलिन्स यांच्या ‘द मूनस्टोन’ या कादंबरीतील वृद्ध कारभारी गॅब्रिएल बेटरेज याला तो मुळीच पटला नसता. आयुष्यभर तो ‘रॉबिन्सन क्रूसो’ हे एकच पुस्तक वाचत आला आहे. सहा प्रती त्याने हाताळून झिजवल्या आणि सातवी मालकिणीने वाढदिवसाची भेट म्हणून दिली. आम्हीही बेटरेजच्याच पंथातले. त्याची कहाणी आम्ही पुन्हा पुन्हा वाचतो, आणि दर खेपेस निराळे काही हाती लागते.

1868 च्या जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत डिकन्स यांच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकात ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. त्याच काळात कॉलिन्स यांना संधिवाताने ग्रासले होते, वेदना शमवण्यासाठी ते अफूचा अर्क घेत होते, आणि मार्चमध्ये त्यांची आई वारली. अशा अवस्थेत इतकी काटेकोर वीण त्यांना साधली कशी, याचे नवल वाटते.

कथा थोडक्यात अशी. यॉर्कशायरमधील रेचेल व्हेरिंडर या तरुणीला अठराव्या वाढदिवशी, 21 जून 1848 रोजी, मामाच्या मृत्युपत्रान्वये एक हिंदुस्थानी हिरा मिळतो आणि त्याच रात्री तो नाहीसा होतो. लंडनहून सार्जंट कफ येतो. गुलाबवेडा कफ निव्वळ कल्पनेतून जन्मलेला नाही. स्कॉटलंड यार्डची गुप्तहेर शाखा 1842 मध्ये अवघ्या आठ जणांनिशी सुरू झाली. त्यांपैकी जॅक व्हिचर याने 1860 मध्ये रोड या गावी झालेल्या एका बालकाच्या खुनाचा तपास केला. हरवलेल्या रात्रवस्त्रावरून त्याने बालकाची सोळा वर्षांची सावत्र बहीण कॉन्स्टन्स केंट हिच्यावर संशय घेतला. घरंदाज मुलीवर एका साध्या पोलिसाने बोट ठेवावे, हे लोकांना रुचले नाही. त्याची छी-थू झाली. 1865 मध्ये कॉन्स्टन्सने स्वतःच गुन्हा कबूल केला. (तिचे पापनिवेदन ऐकणारे अँग्लिकन धर्मगुरू आर्थर वॅगनर यांनी न्यायासनासमोर त्याविषयी बोलण्यास नकार दिला व त्यावरून मोठे वादळ उठले, तो एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) हे रात्रवस्त्र, धोब्याची यादी, घरंदाजांचा तो फणकारा, सारे काही कॉलिन्स यांनी आपल्या कादंबरीत आणले.

चोर कोण हे आम्ही सांगणार नाही. ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही त्यांच्या आनंदावर विरजण कशाला घालावे? पण रोझॅना स्पिअरमन या मोलकरणीविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. पूर्वी चोरीची शिक्षा भोगलेली ही कुरूप, अबोल मुलगी समुद्रकाठच्या फसव्या वाळूपाशी बसून बेटरेजशी त्याच्या कोटावरून काढलेल्या एका डागाविषयी बोलते. पहिल्या वाचनात आम्ही ते पान भरभर उलटले होते. पुढे सारा तपास वस्त्रावरच्या एका डागाभोवतीच फिरणार आहे आणि ही मुलगी मनात काय दडवून वावरणार आहे, हे ठाऊक झाल्यावर त्याच पानावर डोळे पाणावतात. वाढदिवसाच्या पंगतीतला किरकोळ वादही असाच. लेखकाने लपवलेले काहीच नसते. आपलेच लक्ष दुसरीकडे असते.

परंतु पुनर्वाचनाचा खरा लाभ अगदी प्रारंभीच्या पानांत आहे. उतावीळ वाचक ती चाळून पुढे जातो. तेथे 4 मे 1799 चे श्रीरंगपट्टण आहे. टिपू सुलतान पडला आहे, राजवाड्यात लूट चालली आहे. लूट करील त्याला फाशी, असे सेनापती बेअर्ड जाहीर करतो. प्रत्यक्ष इतिहासात मात्र टिपूचा खजिना विजेत्या सैन्याने हुद्द्यानुसार रीतसर वाटून घेतला. त्या गदारोळात रेचेलचा मामा हर्नकॅसल हातात रक्ताळलेली कट्यार घेऊन उभा दिसतो. मूळचा सोमनाथच्या चंद्रदेवतेचा हिरा त्या कट्यारीच्या मुठीत जडवलेला असतो. त्याच्या चुलतभावाला सारे उमगते, पण पुराव्याअभावी तो प्रकरण घरच्यांना लिहिलेल्या एका पत्रापुरतेच ठेवतो. या खुनाच्या तपासाला कोणी सार्जंट कफ येत नाही. पुढील शेकडो पाने ज्या चोरीसाठी खर्ची पडतात ती दुसरी चोरी आहे. पहिलीची कोठेच नोंद नाही.

कॉलिन्स यांनी प्रस्तावनेत कोहिनूरचा उल्लेख केला आहे. 1849 मध्ये लाहोरच्या तहान्वये दहा वर्षांच्या दुलीपसिंगाकडून तो घेतला गेला आणि 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मांडला गेला. 1857 च्या उठावानंतर अवघ्या अकरा वर्षांनी, इंग्रज वाचकांचा क्षोभ पुरता शमलेला नसताना, हिऱ्यामागे आलेल्या तीन हिंदुस्थानी ब्राह्मणांना केवळ खलनायक न करण्याचे धैर्य या लेखकाने दाखवले. त्यांच्या हातूनही रक्त सांडते, हे तो लपवत नाही. मात्र हिरा मुळात कोणाचा होता, याचा त्याला कोठेही विसर पडत नाही.

कादंबरी संपते ती काठेवाडात. हजारोंच्या समुदायासमोर पडदा सरतो आणि देवतेच्या कपाळी तो हिरा पुन्हा झळकतो. त्या तिघांनी मात्र समुद्र ओलांडला, वेषांतर केले, म्हणून त्यांची जात गेली आहे. एकमेकांना निरोप देऊन तिघे तीन दिशांनी यात्रेला निघतात. पुन्हा कधी एकमेकांना भेटायचे नाही, एवढेच त्यांच्या वाट्याला उरले आहे.