कोथरूडचा कचरा गेला कुठे? दूषित जमीन आणि लोकमताचा एक छोटा इतिहास

पुण्यात वनाज स्टेशनवर मेट्रोत बसलात, तर तुमचा प्रवास एका जुन्या कचरा डेपोच्या शेजारून सुरू होतो. मेट्रोच्या गाड्या जिथे उभ्या राहतात, तो हिल व्ह्यू पार्क डेपो कोथरूडच्या जुन्या कचरा डेपोच्या जागेवर आहे. मी मूळची वसमतची. पुण्यात आले तेव्हा ही गोष्ट मला माहीत नव्हती. कळल्यावर पहिला प्रश्न पडला तो असा, की मग तिथला कचरा गेला कुठे?

संशोधनाचा विषय शोधताना आपण मोठमोठ्या शब्दांच्या मागे लागतो. पण असा साधा प्रश्न धरून ठेवला, तर तो कुठपर्यंत नेतो ते बघा.

कोथरूड एकेकाळी शहराबाहेर होतं, म्हणून डेपो तिथे होता. शहर वाढलं, डेपोच्या आजूबाजूला सोसायट्या आल्या, वासाच्या आणि धुराच्या तक्रारी सुरू झाल्या. १९९०च्या सुमारास शहराचा कचरा दुसऱ्या टोकाला, सासवड रस्त्यावरच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीकडे जाऊ लागला. पुढे तो डेपो १६३ एकरांपर्यंत वाढला.

इकडे कोथरूडची साधारण २८ एकर जागा मोकळी झाली आणि तिच्यावरून वाद पेटला. महापालिकेत शिवसृष्टीचा प्रस्ताव होता, म्हणजे शिवकालावरचं ऐतिहासिक उद्यान. नंतर मेट्रो आली आणि तिलाही तीच जागा हवी होती. २०१८ च्या फेब्रुवारीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या बैठकीत तोडगा निघाला: शिवसृष्टी चांदणी चौकाजवळच्या जागेत आणि मेट्रो कोथरूडच्या डेपोवर. ६ मार्च २०२२ रोजी वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली.

आता इथे जरा थांबा. या सगळ्या वादात लोकमत नेमकं कशावर मागवलं गेलं? जमिनीच्या वर काय असावं, यावर. जमिनीच्या खाली काय आहे, हा प्रश्न मागच्या बाकावर बसला. अशा वादांचा हा नेहमीचा स्वभाव आहे. 'हे की ते' असा पर्याय समोर ठेवला की माणसं दोन गटांत वाटली जातात आणि तिसरा प्रश्न विचारायचा राहून जातो. यात कुणाचं कारस्थान असलंच पाहिजे असं नाही. वर दिसणाऱ्या गोष्टीवर भांडणं सोपं असतं, एवढंच.

खाली काय असतं ते थोडक्यात सांगते. ओला कचरा थरांखाली दबला की त्याला ऑक्सिजन मिळत नाही. मग जिवाणू त्यातून मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतात. थोडा हायड्रोजन सल्फाइडही असतो, सडक्या अंड्यासारखा वास येतो तोच. पावसाचं पाणी कचऱ्यातून झिरपलं की काळपट द्रव तयार होतो, त्याला लिचेट म्हणतात. तो विहिरींपर्यंत पोचू शकतो. शिवाय कचरा कुजत जातो तशी जमीन वर्षानुवर्षं खचत राहते.

जमीन दूषित आहे म्हणजे ती धोकादायक आहेच, असं मात्र नाही. आमच्या विषयात तीन गोष्टी बघतात: स्रोत, मार्ग आणि ज्याला बाधा होते तो. तिन्ही जोडल्या गेल्या तरच धोका. मधला मार्ग तोडला तर धोका कमी होतो. म्हणून त्याच जागेवर काय बांधता याला महत्त्व आहे. मुंबईत मालाडला चिंचोली बंदरच्या जुन्या डंपिंग ग्राउंडवर माइंडस्पेस ही ऑफिसांची वसाहत उभी राहिली. तिथे कॉम्प्युटर आणि सर्व्हर लवकर बिघडू लागल्याच्या बातम्या आल्या, कारण जमिनीतून येणारे वायू तांबं आणि चांदी गंजवतात. इथे 'बाधा होणारा' आधी मशीन निघालं, म्हणून त्याची नोंद पटकन झाली. माणसाच्या तक्रारीची नोंद व्हायला वेळ लागतो. अमेरिकेत लव्ह कॅनॉल इथे एका कंपनीने रसायनं पुरलेली जमीन १९५३ मध्ये एका डॉलरला शाळा मंडळाला दिली. तिथे शाळा झाली, घरं झाली. आणीबाणी जाहीर व्हायला १९७८ उजाडलं.

आता परत फुरसुंगीला जाऊ, कारण खरी गोष्ट तिथे आहे. कोथरूडचे रहिवासी महापालिकेचे मतदार होते, त्यांची तक्रार नगरसेवकापर्यंत पोचत होती. उरुळी आणि फुरसुंगी तेव्हा ग्रामपंचायती होत्या. कचरा महापालिकेचा, पण ज्या विहिरी खराब झाल्या त्यांच्या मालकांना त्या महापालिकेत मतच नव्हतं. मग त्यांचं लोकमत कसं दिसलं? रस्त्यावर. २०१४-१५ मध्ये गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि पुण्यात कचरा साचला. त्याआधी आणि नंतर त्यांना काय मिळालं? टँकरचं पाणी, जमीन गेलेल्या काही कुटुंबांना महापालिकेत नोकऱ्या, डेपोच्या काही भागावर मातीचं आच्छादन, आणि मुदतीची आश्वासनं. ऑक्टोबर २०१७ मध्ये ही गावं महापालिकेत घेतली गेली आणि २०२४ मध्ये वगळून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. म्हणजे मतदार म्हणून आत यायला पाव शतक लागलं, आणि बाहेर जायला जेमतेम सात वर्षं.

तर माझ्या साध्या प्रश्नाचं उत्तर असं: शहराचा कचरा तिकडे गेला, जिथल्या लोकांचं मत मोजलं जात नव्हतं. जमीन दूषित होण्याचा इतिहास लिहायचा तर मातीच्या थरांबरोबर हद्दीचे नकाशेही बघावे लागतात. मी सायन्सची विद्यार्थिनी, हे मला उशिरा कळलं. तुम्हाला लवकर कळावं म्हणून हा लेख.

आणि हे फक्त पुण्यामुंबईचं नाही. ऑक्टोबर २०२१ पासून स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात देशभरातल्या जुन्या कचऱ्याचे ढीग बायोमायनिंगने हटवायचं उद्दिष्ट आहे. हिंगोली, वसमत, कळमनुरी यांसारखी छोटी शहरंही त्यात येतात. बायोमायनिंग म्हणजे ढीग उकरायचा, वाळवायचा आणि चाळणीतून माती, प्लास्टिक, दगडविटा वेगळ्या करायच्या. मोकळ्या जागेचे फोटो छान येतात. पण तेव्हा तीन प्रश्न विचारा. चाळलेली माती कुठे गेली, आणि तिच्यातले शिसं, कॅडमियमसारखे जड धातू तपासले का? आपल्याकडे हळदीची शेतं आहेत, तिथे ती माती खत म्हणून जाण्याआधी हे कळायला हवं. दुसरा, मोकळ्या जागेवर काय बांधणार आणि त्याने कुठला मार्ग उघडणार? तिसरा, नवा कचरा कोणाच्या शिवारात जाणार आणि त्या गावाला कुणी विचारलं का?

पहिल्या प्रश्नाला प्रयोगशाळा लागते, दुसऱ्याला इंजिनिअर, तिसऱ्याला ग्रामसभेचं इतिवृत्त. पीएचडीला विषय मिळत नाही म्हणणाऱ्यांनी आपल्या गावच्या डेपोवर एकदा चक्कर मारून यावी. रुमाल मात्र सोबत न्या.