उस्मानाबादी शेळी : जुळ्यातले दुसरे करडू वाचवायचे तर शेळीचे शरीर ओळखा

लातूर, उदगीर, तुळजापूर हा उस्मानाबादी शेळीचा मूळ पट्टा. नांदेड, परभणी, बीड, सोलापूर या जिल्ह्यांतही हीच शेळी मोठ्या संख्येने दिसते. जिल्ह्याचे नाव 2023 मध्ये धाराशिव झाले, शेळीचे नाव मात्र उस्मानाबादीच राहिले. बहुतेक शेळ्या काळ्याभोर असतात, काही तपकिरी, पांढऱ्या किंवा ठिपक्यांच्या. पूर्ण वाढलेल्या शेळीचे वजन साधारण 30 ते 35 किलो भरते. ऊन, कमी पाणी आणि माळावरचा पाला यांवर तग धरणारी ही जात मांसासाठी पाळली जाते, घरापुरते दूधही देते.

या जातीची खरी किंमत आहे ती जुळ्यांत. पण व्यायलेल्या करडांवर पैसा होत नाही, जगलेल्या करडांवर होतो. गावोगावी विचारले तर शेळीपालक सांगतात, "दोन झाली होती, एक गेलं." गेलेले करडू बहुतेक वेळा दुसरे, म्हणजे हलके आणि उशिरा उठणारे असते. ते का जाते, हे शेळीच्या शरीररचनेतच दिसते.

माज आणि गाभणकाळ

शेळी साधारण 18 ते 21 दिवसांनी माजावर येते आणि माज एक ते दीड दिवस टिकतो. सतत ओरडणे, शेपटी हलवणे, खाणे कमी होणे, योनीतून चिकट स्राव ही लक्षणे. माज सकाळी दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी बोकड दाखवावा. पाट केवळ वयाने नव्हे, वजनाने तयार झाली का ते पाहावे. 22 किलोच्या आत भरवू नये.

गाभणकाळ सुमारे 150 दिवसांचा, म्हणजे पाच महिन्यांचा. हा हिशेब फार उपयोगाचा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये भरलेली शेळी जुलै-ऑगस्टच्या झडीत विते. ओला गोठा, चिखल, हगवण आणि न्यूमोनिया यांत सगळ्यात जास्त करडे तेव्हाच जातात. मे-जूनमध्ये भरलेली शेळी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये विते, तेव्हा बांधावर पाला भरपूर असतो. आपल्याकडे बोकड वर्षभर कळपात मोकळा फिरतो आणि वेत कधी येईल ते नशिबावर सोडले जाते. माझ्या मते दोन महिने बोकड वेगळा बांधणे हा करडे वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. मात्र मे महिन्यात शेळ्या खंगलेल्या असतात. म्हणून भरवण्याआधी दोन-तीन आठवडे रोज 200 ग्रॅम खुराक द्यावा. त्याने माज नीट येतो आणि जुळ्यांची शक्यताही वाढते.

शेवटचा दीड महिना

पोटातल्या करडाची दोन तृतीयांशांहून जास्त वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. नेमक्या याच काळात जुळी करडे कोटीपोटावर दाब देतात आणि शेळीला एका वेळी जास्त चारा मावत नाही. नुसते सोयाबीनचे भुसकट समोर टाकले तर पोट भरते, पण ऊर्जा मिळत नाही. मग शेळी अंगातली चरबी जाळू लागते. ती सुस्त होते, खाणे सोडते, दात खाते, अडखळत चालते. याला गाभण शेळीची विषबाधा म्हणतात. अशी शेळी एका दिवसात खाली बसू शकते, म्हणून पशुवैद्यकाला लगेच बोलवावे.

ती टाळण्यासाठी या दीड महिन्यात रोज 250 ते 300 ग्रॅम खुराक दोन वेळा विभागून द्यावा. लातूरच्या डाळ मिलमुळे या भागात तूर चुणी सहज मिळते. चुणी, मका भरडा, थोडी पेंड आणि खनिज मिश्रण पुरेसे आहे. पण खुराक हळूहळू वाढवावा. कोटीपोटातले जिवाणू चारा कुजवतात, त्यांना नव्या खाद्याची सवय व्हायला दोन आठवडे लागतात. एकदम धान्य पडले की पोटात आम्ल वाढते. मळणीच्या वेळी ज्वारीच्या राशीवर सुटलेली किंवा लग्नातला उरलेला भात खाल्लेली शेळी दगावते ती यामुळेच.

चीक : पहिला एक तास

शेळीच्या वारेची रचना अशी असते की आईच्या रक्तातली रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भात करडाला मिळत नाहीत. करडू जन्मते ते रिकाम्या हाताने. ही द्रव्ये फक्त चिकातून मिळतात, आणि करडाचे आतडे ती पहिल्या काही तासांतच चांगली शोषते. 24 तासांनंतर जवळजवळ नाहीच. वार पडेपर्यंत चीक पाजू नये, हा समज अजून काही घरांत आहे. तो पूर्ण चुकीचा आहे. वार पडायला चार-सहा तास लागू शकतात, तोवर मौल्यवान वेळ निघून जातो. उलट करडे पिऊ लागली की वार पडायला मदतच होते. बारा तासांनीही पडली नाही तर ती ओढू नये, डॉक्टरांना दाखवावे.

करडाला त्याच्या वजनाच्या दहावा हिस्सा चीक पहिल्या दिवसात जायला हवा. दोन किलोच्या करडाला 200 मिलि, तोही तीन-चार वेळा मिळून, पहिला तासाभरात. धडधाकट करडू स्वतः पिते. दुसऱ्याला उचलून सडाला लावावे आणि पोट भरले का ते हाताने पाहावे. शेळीला दोनच सड असतात, त्यामुळे तिळे झाले तर तिसऱ्याला बाटली किंवा नुकतीच व्यायलेली दुसरी शेळी शोधावी लागते.

गार पडलेल्या करडाला आधी पुसून, पोत्यात गुंडाळून ऊब द्यावी, मग चीक पाजावा. चोखत नसलेल्या करडाच्या तोंडात दूध ओतू नये, ते फुप्फुसात जाते. नाळ दोन बोटे ठेवून कापावी व टिंक्चर आयोडीन लावावे.

आईला विण्यापूर्वी महिनाभर आधी आंत्रविषाराची लस दिली असेल तर तिचे संरक्षण चिकातून करडालाही मिळते. करडांना स्वतःची आंत्रविषाराची आणि पीपीआरची लस तीन-चार महिन्यांचे झाल्यावर द्यावी.

दुधापासून पाल्यापर्यंत

मोठ्या शेळीला कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे जठर असे चार कप्पे असतात. जन्मलेल्या करडात फक्त चौथा काम करतो. चोखताना दूध एका पन्हळीतून थेट तिथे उतरते. कोटीपोट पाल्याच्या स्पर्शाने आणि जिवाणूंनीच वाढते. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून शेवरी, सुबाभूळ, बोरीच्या फांद्या करडांच्या उंचीला टांगाव्यात आणि मूठभर भरडा ठेवावा. दूध तिसऱ्या महिन्यात तोडावे. जुळी असतील तर पहिले दोन महिने चहासाठी दूध काढू नये. घरात हे ऐकायला कोणाला आवडत नाही, पण एक कप दूध म्हणजे लहान करडाचे एक जेवण असते.

आजारी आहे का, कसे ओळखावे

निरोगी शेळीचे तापमान 101.5 ते 103.5 अंश फॅरनहाइट असते. डाव्या भकाळीवर मूठ ठेवली तर कोटीपोटाची हालचाल मिनिटाला एक-दोनदा जाणवते. रवंथ थांबलेली शेळी ही आजारी शेळी.

बाजारात शेळी घेताना दात पाहावेत. शेळीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, खालचे आठ मोजायचे. दोन कायमचे दात साधारण सव्वा ते दीड वर्षाला, चार दोन वर्षांना, सहा तीन वर्षांना आणि आठ चार वर्षांच्या आसपास येतात. दोन किंवा चार दाती शेळी घ्यावी आणि आधीच्या वेतात किती करडे झाली, त्याहीपेक्षा किती जगली, ते विचारावे. घरची पाट ठेवतानाही दोन्ही करडे वाढवणाऱ्या आईचीच निवडावी. बोकड दर दोन वर्षांनी बदलावा, नाहीतर तो स्वतःच्याच पाटींना लागतो आणि करडे अशक्त जन्मतात.