काउंटरच्या अलीकडे आणि पलीकडे

प्रकाशकांचा इतिहास लिहिला जातो, ग्रंथालयांचाही लिहिला जातो. पुस्तकांच्या दुकानाचा मात्र कोणी फारसा लिहीत नाही. गिऱ्हाईक काय मागते आणि काउंटरपलीकडचा माणूस त्याला काय विचारतो, यातही एका मुलखाचा इतिहास दडलेला असतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या दुकानांत उभ्या उभ्या मी तो पाहत आलो आहे.

आमच्याकडे पुस्तकाचे दुकान म्हणजे मुळात शाळेचे दुकान. पाट्या, वह्या, शाईच्या दौती आणि क्रमिक पुस्तके. १९६७ साली राज्याचे पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली 'बालभारती', स्थापन झाली. जून उजाडला की दुकानात झुंबड उडे. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो १९८२ साली. तोवर सिरोंच्याच्या माणसालाही जिल्ह्याचे गाव चंद्रपूरच, सुमारे दोनशे किलोमीटरवर. दुकानातला पोऱ्या पुस्तकाचे नाव विचारीत नसे. 'कितवी जी?' एवढाच प्रश्न. पाचवी म्हटले की बांधलेला गठ्ठा समोर येई. बाप पैसे मोजी, गठ्ठा पिशवीत टाकी आणि बसस्टँडची वाट धरी. पुस्तक उघडून पाहण्याची रीतच नव्हती.

यातली गंमत अशी, की कागद आमच्याच रानातला. बल्लारपूरची कागद कंपनी १९४५ ची. इथल्या बांबूचा लगदा झाला आणि कागद देशभर गेला. बांबू तोडणाऱ्याच्या घरी तो पुस्तक होऊन किती वेळा परतला, हा हिशेब कोणी मांडला नाही.

या मुलखात पुस्तकाचे दुसरे दुकान जमिनीवर मांडले गेले. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. पुढे दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर लोक जमू लागले आणि त्यांच्यासोबत पुस्तकेही आली. तिथे ताडपत्रीवर पुस्तके पसरलेली असतात. मध्ये काउंटर नाही. कोणीही बसावे, उचलावे, चाळावे. अक्षर न येणारी म्हातारी मुखपृष्ठावरच्या चित्रावर हात फिरवते आणि विचारते, 'यात काय हाय जी?' विक्रेता घाई करीत नाही. तो दोन ओळी वाचून दाखवतो. म्हातारी नातवासाठी पुस्तक घेते, पदराला बांधलेली नोट सोडते. ज्यांना पिढ्यान् पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले, त्यांच्यासाठी पुस्तकाला हात लावता येणे हीच मोठी घटना होती. ती सेवा कोणत्याही चकचकीत दुकानाला शिकवता आलेली नाही.

मग काळ पुन्हा बदलला. सर्व शिक्षा अभियानाखाली पहिली ते आठवीची पुस्तके शाळेतच फुकट मिळू लागली. हे चांगलेच झाले, पण दुकानातला जून ओसरला. त्या जागी पोलीस भरती, वनरक्षक, तलाठी यांची मार्गदर्शके आली. काउंटरवरचा प्रश्नही बदलला : 'कोणती भरती?' २०११ साली गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झाले, गिऱ्हाईक वाढले. एटापल्ली, भामरागडकडची मुले येतात, किंमत पाहतात, पुस्तक हळूच परत ठेवतात. समजूतदार दुकानदार पाठ करून उभा राहतो, मुलाला पाने चाळू देतो. हीदेखील सेवाच.

त्यातली कित्येक मुले घरी गोंडी बोलतात. मी पाहिलेल्या दुकानांत मराठीचा खण आहे, हिंदीचा आहे, इंग्रजीचा आहे. गोंडीचा नाही. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गोंडी नाही, हे एक कारण. दुसरे अधिक साधे : कोणी मागत नाही, म्हणून कोणी ठेवत नाही, आणि कुठे दिसत नाही, म्हणून कोणी मागत नाही.

'कितवी?' आणि 'कोणती भरती?' या दोन प्रश्नांवर आमची दुकाने आजवर चालली. 'काय वाचायला आवडेल?' हा प्रश्न काउंटरपलीकडून अजून यायचा आहे. तो ज्या दिवशी एखाद्या गोंड मुलीला विचारला जाईल आणि तिच्या उत्तराचे पुस्तक खणात सापडेल, त्या दिवशी आमच्या बांबूचा हिशेब थोडाफार फिटेल.