गोंदियात सुट्टीसाठी भाड्याची गाडी बुक करताय? आधी नंबर प्लेटचा रंग विचारा

दिवाळी, नाताळ किंवा उन्हाळ्याची सुट्टी लागली की नागझिरा, नवेगावबांध, हाजरा फॉल, कचारगड ही नावं इन्स्टाग्रामवर दिसायला लागतात. रेल्वेचं तिकीट निघतं, सफारीचं बुकिंग होतं, रिसॉर्टही मिळतं. गाडीचा विषय मात्र 'तिथे गेल्यावर बघू' म्हणून मागे राहतो.

गोंदियासारख्या जिल्ह्यात हे महागात पडू शकतं. प्रश्न फक्त चार पैसे जास्त जाण्याचा नाही. घाईत जी मिळेल ती गाडी घेतली आणि रस्त्यात अपघात झाला, तर विम्याचे पैसे मिळणार की नाही, हे त्या गाडीच्या पासिंगवर ठरू शकतं. त्यामुळे गाडी आधी बुक करणं म्हणजे नेमकं काय करायचं, ते एकेक करून समजून घेऊया.

गोंदियात गाडी मिळते कशी?

मुंबई-पुण्यात ॲप उघडलं की पाच मिनिटांत गाडी दारात येते. गोंदियात बाहेरगावच्या प्रवासासाठी बहुतेक व्यवहार फोनवरच होतो. हॉटेलवाला, ओळखीचा माणूस किंवा स्टेशनजवळचा ट्रॅव्हल्सवाला एक नंबर देतो. आपण फोन करतो, भाव ठरतो आणि समोरून उत्तर येतं, "या तुम्ही, गाडी होऊन जाईल."

अडचण या 'होऊन जाईल'मध्येच आहे. टुरिस्ट गाड्या मोजक्या आणि त्यांच्याकडे कामं अनेक. तीच अर्टिगा किंवा बोलेरो लग्नाच्या वऱ्हाडाला जाते, रुग्णाला घेऊन नागपूरला जाते, नवरात्रात डोंगरगडच्या बमलेश्वरीला जाते आणि माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेलाही जाते. ऐनवेळी जास्त दिवसांचं काम आलं, तर तुमची दोन दिवसांची सहल मागे पडू शकते. फोनवर दिलेल्या शब्दाचा पुरावा काहीच नसतो. म्हणून बुकिंग लेखी हवं. लेखी म्हणजे स्टॅम्प पेपर नव्हे, व्हॉट्सॲपवरचा एक नीट मेसेजही चालतो. त्याचा नमुना पुढे दिला आहे.

पिवळी, काळी की पांढरी?

भाड्याच्या गाडीबद्दल पहिला प्रश्न भावाचा नको, पासिंगचा हवा. गोंदियाच्या गाड्यांचा नंबर एमएच ३५ ने सुरू होतो, भंडाऱ्याच्या गाड्यांचा एमएच ३६ ने. पण त्याहून महत्त्वाचा आहे तो प्लेटचा रंग.

• पिवळ्या प्लेटवर काळी अक्षरं: टॅक्सी पासिंगची गाडी. ड्रायव्हरसह भाड्याने देता येते.
• काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं: सेल्फ ड्राइव्हसाठी भाड्याने देण्याची गाडी. इथे तुम्ही स्वतः चालवता.
• पांढऱ्या प्लेटवर काळी अक्षरं: खासगी गाडी. ती भाड्याने देता येत नाही.
• हिरवी प्लेट: इलेक्ट्रिक गाडी. अक्षरं पिवळी असतील तर व्यावसायिक, पांढरी असतील तर खासगी.

नंबर मिळाला की एम-परिवहन ॲपवर टाकून पाहा. गाडी कोणत्या वर्गात नोंदली आहे, विमा आणि फिटनेसची मुदत कधीपर्यंत आहे, ते तिथे दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे.

पांढऱ्या प्लेटमध्ये धोका काय?

"घरचीच गाडी आहे साहेब, टॅक्सीपेक्षा स्वस्तात देतो," असं सुट्टीच्या दिवसांत हमखास ऐकायला मिळतं. गाडी नवी असते, भाडं कमी असतं, त्यामुळे मोह होतो. पण धोके दोन आहेत.

पहिला धोका विम्याचा. खासगी गाडीच्या पॉलिसीत गाडी भाड्याने किंवा मोबदला घेऊन वापरता येणार नाही, अशी अट असते. अपघातानंतर गाडी भाड्याने दिली होती हे पुढे आलं, तर कंपनी दावा नाकारू शकते. मग नुकसानभरपाईसाठी तुमच्या कुटुंबाला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. गाडीमालकालाही ते जड जातं.

दुसरा धोका प्रवास अर्ध्यावर थांबण्याचा. परमिट नसताना प्रवासी वाहतूक केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२-अ नुसार पहिल्या गुन्ह्यालाही १० हजार रुपये दंड आणि ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अधिकारी गाडी अडकवूनही ठेवू शकतात. कारवाई मालक-चालकावर होते, पण सामान घेऊन रस्त्यावर उभं राहायची वेळ तुमच्यावर येते.

बुकिंग कधी करायचं?

रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होतं. सफारीचे स्लॉट वनविभागाच्या संकेतस्थळावर वेगळे बुक होतात. त्यामुळे आधी सफारीची तारीख, मग रेल्वेचं तिकीट आणि त्याच दिवशी गाडी, असा क्रम ठेवा. जंगलाची आठवड्याची सुट्टी आणि पावसाळ्यातला बंद काळ बुकिंगच्या पानावर आधीच पाहून घ्या.

लग्नसराई, नवरात्र, दिवाळीनंतरचा आठवडा आणि वर्षाअखेर या दिवसांत गाड्यांची ओढाताण असते. तेव्हा किमान तीन-चार आठवडे हाताशी ठेवा. निघायच्या दोन दिवस आधी पुन्हा फोन करून गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा मोबाइल मागून घ्या. तेव्हाही 'बघतो, सांगतो' असंच उत्तर आलं, तर दुसरी गाडी शोधायला तुमच्याकडे ४८ तास असतात.

फक्त 'नागझिरा' सांगू नका, गेट सांगा

नवेगाव-नागझिरा हा व्याघ्र प्रकल्प २०१३ मध्ये जाहीर झाला. तो गोंदिया आणि भंडारा या दोन जिल्ह्यांत पसरला आहे. नागझिऱ्याचं चोरखमारा गेट गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा तालुक्याकडून आहे, तर पिटेझरी गेट भंडाऱ्याच्या साकोलीकडून. नवेगावबांध आणखी दक्षिणेला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात.

म्हणजे सफारी पिटेझरीची आणि गाडीवाल्याला सांगितलं नुसतं 'नागझिरा', तर पहाटे चुकीच्या गेटवर पोहोचाल. सफारीची वेळ तुमच्यासाठी थांबत नाही. सफारीच्या पावतीवरचं गेटचं नाव जसंच्या तसं गाडीवाल्याला पाठवा. पहाटेची सफारी असेल तर ड्रायव्हर आदल्या रात्री कुठे मुक्काम करणार, हेही आधीच ठरवा. रात्रभर गाडी चालवून आलेला ड्रायव्हर पहाटे जंगलाच्या रस्त्याला नको.

रेल्वेने येत असाल तर गाडीवाल्याला ट्रेनचा नंबरही द्या. मुंबईहून येणारी विदर्भ एक्सप्रेस आणि कोल्हापूरहून येणारी महाराष्ट्र एक्सप्रेस या दोन्ही गाड्यांचा शेवटचा थांबा गोंदियाच आहे. इतक्या लांबच्या प्रवासात उशीर होऊ शकतो. ट्रेन लेट झाली तर थांबण्याचे पैसे लागणार का, ते आधी विचारा.

भाडं मोजतात कसं?

बाहेरगावच्या भाड्यात 'किलोमीटरला अमुक रुपये' हा फक्त पहिला आकडा असतो. खरा हिशेब रोजच्या किमान किलोमीटरचा. एक उदाहरण घेऊया. यातले आकडे समजण्यासाठी मानलेले आहेत.

समजा दर किलोमीटरला १३ रुपये आहे आणि रोजचं किमान अंतर २५० किलोमीटर. तुम्ही दोन दिवसांत ३२० किलोमीटर फिरलात. तरी बिल ५०० किलोमीटरचं होईल, म्हणजे ६,५०० रुपये. ड्रायव्हर भत्ता रोज ३०० धरला तर आणखी ६००. एकूण ७,१०० आणि त्यावर टोल, पार्किंग वेगळं. तुम्ही मनात ३२० गुणिले १३, म्हणजे ४,१६० रुपये धरलेले असतात. वाद इथेच होतो.

त्यामुळे अंतर कमी असेल तर दिवसाचं ठोक पॅकेज विचारा आणि दोन्ही हिशेब शेजारी ठेवून पाहा.

दुसरी गोष्ट, किलोमीटर कुठून मोजणार? बरेच गाडीवाले 'गॅरेज टू गॅरेज' मोजतात. गाडी नागपूरहून मागवली आणि तुम्ही गोंदिया स्टेशनवर बसलात, तर नागपूर ते गोंदिया हे रिकामं अंतरही तुमच्याच बिलात येऊ शकतं आणि परतीचंही. गोंदियात उतरणार असाल तर गोंदिया, साकोली किंवा तिरोड्याची गाडी आधी पाहा. नागपूर विमानतळावर उतरून थेट जंगलात जाणार असाल, तर नागपूरची गाडी सोयीची.

आणखी एक, 'सेव्हन सीटर' म्हणजे ड्रायव्हर धरून सात. तुम्ही सात जण असाल तर ती गाडी तुम्हाला पुरणार नाही. सहा जण आणि सहा बॅगा असतील तर वर कॅरिअर आहे का, तेही विचारा.

बालाघाट, कान्हा किंवा डोंगरगडला जाणार असाल तर

गोंदियाच्या उत्तरेला मध्य प्रदेश आहे, पूर्वेला छत्तीसगड. कान्हाच्या मुक्की गेटला जायचं तर बालाघाट, बैहर मार्गे. डोंगरगड राजनांदगाव जिल्ह्यात. दोन्हीकडे राज्याची सीमा ओलांडावी लागते.

इथे विचारायचं ते एवढंच: "ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे का?" या परमिटची ऑनलाइन पद्धत १ एप्रिल २०२१ पासून सुरू झाली. ते असेल तर दुसऱ्या राज्यात वेगळा कर भरावा लागत नाही. फक्त महाराष्ट्राचं परमिट असेल तर सीमेवरचा कर आणि तात्पुरतं परमिट यांचा खर्च निघतो. तो कोणी भरायचा, हे आधी ठरलेलं हवं.

सेल्फ ड्राइव्ह हवी असेल तर

स्वतः चालवण्यासाठी गाडी देण्याचे नियम 'रेंट अ कॅब' योजना, १९८९ मध्ये आहेत. परवान्यासाठी किमान ५० गाड्यांचा ताफा लागतो, अशी त्यात अट आहे. छोट्या शहरात एवढा ताफा ठेवणं परवडण्यासारखं नाही. म्हणून परवानाधारक सेल्फ ड्राइव्ह गाडी गोंदियापेक्षा नागपुरात शोधलेली बरी.

गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी, आतून, टायरचा आणि किलोमीटरच्या आकड्याचा व्हिडिओ काढा. डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार, गाडी दुसऱ्या राज्यात नेता येते का, इंधन किती भरून परत द्यायचं आणि अपघात झाल्यास तुमच्या खिशातून जास्तीत जास्त किती जाणार, या चार प्रश्नांची उत्तरं लेखी घ्या.

ॲडव्हान्स देताना

सुट्टीच्या हंगामात बनावट ट्रॅव्हल्सच्या नावाने फसवणूक होते. सर्चमध्ये सापडलेल्या नंबरवर लगेच पैसे पाठवू नका. आधी गाडीच्या आरसीचा आणि विम्याचा फोटो मागा. सगळी रक्कम आधी देऊ नका. रिफंड किंवा 'व्हेरिफिकेशन'साठी कोणी यूपीआय पिन टाकायला सांगत असेल तर थांबा, पैसे घ्यायला पिन लागत नाही.

हा मेसेज कॉपी करा

"नमस्कार. आमचं बुकिंग असं ठरलं आहे. तारीख ___ ते ___. पिकअप: गोंदिया स्टेशन, ट्रेन नंबर ___. ठिकाणं: ___ (सफारी गेट: ___). गाडी: ___, टॅक्सी पासिंग, एसी, प्रवासी ___. दर: किलोमीटरला ___, रोजचे किमान किलोमीटर ___, मोजणी ___ पासून. ड्रायव्हर भत्ता आणि मुक्काम: ___. टोल, पार्किंग, परराज्य कर: ___ भरणार. ॲडव्हान्स ___ दिला. आम्ही रद्द केल्यास ___ परत, तुम्ही रद्द केल्यास पूर्ण रक्कम परत. गाडी बिघडल्यास ___ तासांत दुसरी गाडी. बरोबर असल्यास 'ओके' कळवा."

समोरून 'ओके' आलं की तुमच्या हातात पुरावा आला. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉटही त्याच चॅटमध्ये टाका.

तरीही अडचण आली तर

• पैसे घेऊन फोन बंद झाला: लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कॉल करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.
• गाडी आली नाही किंवा ठरल्यापेक्षा जास्त पैसे मागितले: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यासाठी गोंदियाला यावं लागत नाही.
• प्रवासात अपघात किंवा धोका: ११२. टॅक्सी पासिंगच्या नव्या गाड्यांमध्ये पॅनिक बटण असणं बंधनकारक आहे. ते कुठे आहे, हे बसतानाच ड्रायव्हरला विचारून घ्या.

शेवटची तपासणी गाडी दारात आल्यावर करा. मेसेजमधला नंबर आणि समोरच्या प्लेटवरचा नंबर जुळतो का, ते पाहा. टॅक्सी पासिंग ठरलं होतं आणि पांढऱ्या प्लेटची गाडी आली, तर सामान चढवण्याआधीच बदलून मागा. जंगलपट्ट्यात मोबाइलची रेंज गेल्यावर हे बोलून उपयोग नसतो. जुळत असेल तर सुरुवातीच्या किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढा आणि निघा.