अठराव्या वर्षाचे मत

१९८९ च्या मार्च महिन्यात राज्यघटनेची एकसष्टावी दुरुस्ती अमलात आली आणि मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले. लोकसभेचा उमेदवार पारखण्याइतकी अक्कल कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना आहे, हे देशाने मान्य केले. पण त्याच सुमारास आपल्या सीमेच्या दोन्ही बाजूंना या मुलांचे स्वतःच्या कॉलेजातले मत मात्र काढून घेतले गेले. कर्नाटकात १९८९-९० च्या आसपास विद्यार्थी निवडणुका बंद झाल्या, महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने. एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने घेतले. या विसंगतीकडे इतिहासाच्या अंगाने पाहावे, असे मला बरेच दिवस वाटत होते.

कारणे खोटी नव्हती. १९८९ मध्येच मुंबईत ओवेन डिसूझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला. निवडणुकीच्या दिवसांत मोटारींचे ताफे, पैसा, दमदाटी हे सारे कॉलेजच्या फाटकाशी येऊन ठेपले होते. आपला मुलगा त्यात सापडू नये असे कोणत्या बापाला वाटणार नाही? तेव्हा बंदी आली, आणि घरोघरी सुटकेचा निःश्वासच टाकला गेला.

प्रश्न आहे तो निवडणुकीच्या जागी काय आले याचा. १९९४ च्या कायद्याने प्रत्येक वर्गातून आदल्या परीक्षेत सर्वाधिक गुण मिळवणारा विद्यार्थी परिषदेवर घेतला. खेळ, छात्रसेना, राष्ट्रीय सेवा योजना आणि सांस्कृतिक कार्यक्रम यांतून एकेक जण नेमला जाई, शिवाय प्राचार्यांनी नेमलेल्या दोन विद्यार्थिनी असत. एवढ्यांनी मिळून आपल्यातूनच सचिव निवडायचा. बाकीच्या शेकडो मुलांना मतच नाही.

हुशार मुलांविषयी माझी तक्रार नाही. सारे आयुष्य त्यांना शिकवण्यात गेले. पण गुणांची यादी वेगळी आणि प्रतिनिधित्व वेगळे. पहाटेची एसटी चुकली की ज्याचा पहिला तास बुडतो, मराठी शाळेतून येऊन ज्याला इंग्रजी वा कन्नड सूचनाफलकासमोर अडखळावे लागते, तो सहसा वर्गात पहिला येत नाही. त्याचे गाऱ्हाणे मांडायला त्याच्या मतावर निवडून आलेला कोणी लागतो. दुभाषी जिल्ह्यात तर हे अधिकच खरे.

स्थानिक प्रश्नावर संघटित विद्यार्थी काय करू शकतात, याचे उदाहरण शेजारच्या गोव्यातच आहे. १९७८-७९ मध्ये तेथील विद्यार्थ्यांनी बसभाड्यात निम्मी सवलत मागितली आणि त्यासाठी मोठे आंदोलन उभे केले. विषय साधा तिकिटाचा. पण खेड्यातून पणजी-मडगावला शिकायला येणाऱ्या मुलीचे शिक्षण चालू राहणार की थांबणार, हे त्या तिकिटावर ठरत होते. शेवटी सवलत पदरात पडली.

निवडणुका हव्यात पण गुंडगिरी नको, हा पेच पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीने २००६ मध्ये अहवाल दिला. उमेदवाराचा खर्च ५,००० रुपयांच्या आत, भित्तिपत्रके हाताने केलेलीच, पदवीच्या विद्यार्थ्यासाठी वय १७ ते २२, पदाधिकारी होण्याची संधी एकदाच, अशा तिच्या शिफारशी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उज्जैनच्या माधव कॉलेजात निवडणुकीच्या वादात प्राध्यापक सभरवाल यांचा मृत्यू झाला, आणि नियमांची निकड साऱ्या देशाला पटली. सप्टेंबरमध्ये न्यायालयाने शिफारशी लागू केल्या. तरीही लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की नेमणुकीची पद्धत समितीने तात्पुरती सोय म्हणूनच मानली होती.

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात निराळाच वाद झाला. तेथे विद्यार्थी स्वतःच्या संघटनेच्या घटनेनुसार, स्वतःच निवडणूक आयोग नेमून मतदान घेत. रात्री उशिरापर्यंत उमेदवारांची जाहीर भाषणे नि सवाल-जबाब चालत. नव्या अटी त्या प्रथेशी जुळेनात. २००८ मध्ये न्यायालयाने निवडणुकीला स्थगिती दिली. काही अटी शिथिल झाल्यावर २०१२ मध्ये मतदान पुन्हा झाले. नियम कोणी करायचे, वरून यायचे की ज्यांना पाळायचे त्यांनी बसून ठरवायचे, हा त्या चार वर्षांचा खरा विषय होता. लोकशाहीचा याहून चांगला पाठ कोणत्या क्रमिक पुस्तकात सापडणार?

महाराष्ट्राने २०१६ च्या कायद्यात निवडणुकीची तरतूद पुन्हा आणली. २०१९ साली वेळापत्रकाची तयारीही झाली, पण विधानसभेची निवडणूक आली आणि कॉलेजची पुढे ढकलली गेली. मोठ्यांच्या मतपेटीला जागा हवी म्हणून धाकट्यांची बाजूला सरकवली, असेच म्हणावे लागेल.

आपण सीमाभागातली माणसे मताचे मोल इतरांपेक्षा अधिक जाणतो. ग्रामपंचायत असो, नगरपालिका असो, आपली भाषा तेथे मोजली जाते ती मतांनीच. मग हरायचे कसे, विरोधकाचे ऐकायचे कसे, आणि जिंकल्यावर दुसऱ्या भाषेच्या वर्गमित्राचे कामही तितक्याच आस्थेने करायचे कसे, हे आपल्या मुलांनी कोठे शिकावे? पहिली निवडणूक त्यांनी कॉलेजात पाहावी, कडक नियमांत, कमी खर्चात, आणि नियम करण्यात त्यांचाही हात असावा. मतपेटी बंद ठेवून गुंडगिरी गेलेली नाही. चर्चा मात्र गेली.