तळाची कुळकथा

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील ताडकळस घ्या किंवा त्याच्या आसपासचे गोदाकाठचे कोणतेही गाव घ्या. रब्बीची ज्वारी खळ्यावर आली, हरभरा निघाला आणि काळी जमीन उन्हाने भेगाळू लागली, की गावठाणाची हद्द ओलांडल्यावर लागणाऱ्या गावंदरीत किंवा त्यापलीकडच्या सरकारी पडीत पाले उभी राहण्याची वहिवाट ह्या मुलखात पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. ह्या मुक्कामाचे भाडे कोणी मागत नाही, त्याची पावती कोणी फाडीत नाही आणि त्यासाठी कोणी अर्जही करीत नाही. तथापि विहिरीपासून किती अंतरावर चूल मांडावी, कोणत्या झाडास कुऱ्हाड लावू नये, गाढवे कोणाच्या बांधावर सोडू नयेत आणि किती रात्रींनंतर गावाच्या नजरेत राग दिसू लागतो, हे आलेल्यास आणि असलेल्यास सारखेच ठाऊक असते. सार्वजनिक जमिनीवर विनामोबदला रात्र काढण्याच्या ह्या वहिवाटीस आपण तळ म्हणतो. तिची उपपत्ती सामान्यतः ग्रामीण औदार्याने लावली जाते. परंतु जुनी दफ्तरे आणि प्रवासवर्णने चाळली असता असे दिसते की हा दानधर्म नव्हता. तो फिरता समाज आणि स्थिर समाज यांच्यामधला एक अलिखित करार होता, आणि करारातील एका पक्षाचा माल दुसऱ्यास नकोसा झाला तेव्हा तो मोडला.

ह्या कराराचे सर्वांत भव्य रूप म्हणजे लमाणांचा तांडा. पीटर मंडी ह्या इंग्रज व्यापाऱ्यास 1632 साली वाटेत जो तांडा भेटला त्यात धान्याने लादलेले 14,000 बैल होते, आणि त्याने नमूद करून ठेवल्याप्रमाणे हा प्रचंड समुदाय दिवसाकाठी सहा-सात मैलांपलीकडे जात नसे. ह्या संथपणाचे कारण उघड आहे: बैलांचा चारा पाठीवर वाहून नेणे परवडणारे नव्हते, तो वाटेतच चरून मिळवावयाचा होता, म्हणजे तांड्याचा खरा रस्ता आखीव सडकेचा नसून गवताचा आणि पाण्याचा होता, आणि प्रत्येक सहा-सात मैलांवर बैल मोकळे सोडता येतील असे रान असल्यावाचून हा व्यापार एक दिवसही चालता ना. फ्रेंच जवाहीर-व्यापारी ताव्हेर्निये यानेही तंबूंतून राहणाऱ्या आणि धान्य, तांदूळ, डाळी व मीठ वाहणाऱ्या ह्या लोकांचे असेच वर्णन केले आहे. मुक्कामी पोहोचल्यावर बैलांच्या पाठीवरच्या तागाच्या गोण्या उतरवून त्यांचीच थप्पी रचीत, त्या थप्पीचा तट होई, तटाच्या आत बैल बांधले जात आणि बाहेर लमाणांचे दांडगे कुत्रे फिरत. सकाळी तट उचलून पुन्हा पाठीवर चढे आणि मागे शेण, राख व तुडविलेले गवत एवढेच उरे. तांड्याच्या अग्रभागी देवास सोडलेला एक बैल चाले. त्याच्या पाठीवर ओझे नसे. अंगावर कवड्यांच्या माळा, घुंगरे आणि तांबड्या कापडाच्या झुली असत, आणि थकून तो जेथे बसकण मारी तेथेच त्या दिवसाचा तळ पडे, अशी नोंद जुन्या इंग्रज अधिकाऱ्यांनी करून ठेवली आहे. श्रद्धेचा भाग बाजूस ठेवला तरी ह्या रीतीतील व्यवहार लक्षात येतो: पाणी आणि गवत कोठे आहे हे बैलाइतके नेमके दुसऱ्या कोणास कळणार?

तळाच्या हक्काची सनद म्हणून दक्षिणेत जी एक परंपरा सांगितली जाते ती ह्याच काळातील. शाहजहानचा वजीर आसफखान 1630 च्या सुमारास दक्षिणेच्या स्वारीवर आला तेव्हा भंगी आणि जंगी हे दोन नायक त्याच्या लष्कराची रसद वाहत होते, आणि त्यांच्याजवळ 1,80,000 बैल होते असे ही परंपरा सांगते. एवढ्या जनावरांना चारा पुरविताना नायकांनी खेड्यांच्या छपरांवरचे गवत ओढले, तक्रारी झाल्या, आणि रसद तुटू नये म्हणून वजिराने ताम्रपटावर सोन्याच्या अक्षरांत एक परवाना कोरून दिला: घरांच्या छपराचे गवत आणि रांजणातले पाणी घेण्याची त्यांस मुभा, आणि दिवसाकाठी तीन खून झाले तरी माफी. ह्या ताम्रपटाचा मान निजामाच्या दरबारात पुढेही राहिला आणि नायक मरण पावला की त्याच्या वारसास हैद्राबादेहून खिलत मिळे, असे एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडात काम केलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे. परवान्याची भाषा क्रूर आहे. परंतु तिच्यात करार स्वच्छ दिसतो. लष्करास धान्य हवे होते, धान्य बैलावाचून येत नव्हते, आणि बैल गवतावाचून चालत नव्हता. तेव्हा राजसत्तेने गवत देऊन धान्य घेतले, आणि त्याची किंमत मात्र ज्याचे छप्पर उघडे पडले त्या रयतेने भरली. कॉर्नवॉलिसने 1791-92 मध्ये श्रीरंगपट्टणवर आणि आर्थर वेलस्लीने 1803 मध्ये मराठ्यांवर जी मोहीम केली, तिच्याही पाठीशी हीच बैलांची रसद होती.

गावाच्या ह्याच मोकळ्या जागेवर दुसऱ्या एका प्रकारचा तळ पडत असे, आणि त्याचा उल्लेख केल्यावाचून ही कुळकथा अपुरी राहील. निजामी अमदानीत अव्वल तालुकदार किंवा तहसीलदार दौऱ्यावर निघे तेव्हा त्याच्या राहुट्या, कनाती आणि घोडी गावाबाहेरच्या आमराईत उतरत, आणि गवत, सरपण, दूध, कोंबडी व पाणी ह्यांची तजवीज बिगारीने होई. तोही मुक्काम विनामोबदलाच होता. परंतु लमाण किंवा घिसाडी गावाकडून जागा घेऊन काही देत असे, आणि सरकारी राहुटी जागाही घेई व सेवाही घेई. ह्या बिगारीचा भार मुख्यतः गावच्या महारांवर आणि इतर कनिष्ठ सेवकांवर पडे.

तांडा आणि दौरा ह्या दोन मोठ्या तळांच्या दरम्यान गावोगावी जे लहान तळ पडत, त्यांचे मोल मात्र शेतकऱ्यास प्रत्यक्ष हातात मिळे. मृगाच्या आधी घिसाडी येई. पालाच्या तोंडाशी जमिनीत ऐरण रोवावयाची, भाता जोडावयाचा, घरधन्याने सांडशीत लालबुंद वखराची पास धरावयाची आणि घरच्या बाईने दोन्ही हातांनी घण उचलून ती ठोकावयाची. खुरपी, विळे, कुऱ्हाडी ह्यांना धार लागेपर्यंत हे पाल हलत नसे आणि ते हलू नये अशीच कुणब्याची इच्छा असे. वडार जाती-पाटे घडवी व टाकी लावी, वैदू जडीबुटी विकी, नंदीवाला पावसाचे भाकीत सांगे. मात्र प्रत्येक पाहुणा काही घेऊन येत होता असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांनी 1915 साली प्रसिद्ध केलेल्या ‘गाव-गाडा’ ह्या ग्रंथात फिरस्त्यांचा बोजा कुणब्याच्या मानेवर किती पडतो ह्याची कडक झडती घेतली आहे, आणि उभ्या पिकात सोडलेली जनावरे व रात्री नाहीशी होणारी कणसे ज्याने पाहिली आहेत त्यास ती झडती सर्वस्वी अन्यायाची वाटणार नाही. करार होता, म्हणूनच करारभंगाची तक्रारही होती.

हा करार त्याच्या शुद्ध रूपात आजही पाहावयाचा असेल तर मेंढ्या बसविण्याच्या रीतीकडे पाहावे. सुगी आटोपल्यावर धनगरांचा वाडा रिकाम्या शिवारात येतो; शेतकरी स्वतः जाऊन बोलणी करतो, आणि संध्याकाळी शेताच्या एका तुकड्यात दोरखंडाची जाळी ताणून तिच्या आत कळप बसविला जातो. रात्रभरात त्या तुकड्यावर लेंड्या आणि मूत पडते. दुसऱ्या रात्री जाळी उचलून शेजारच्या तुकड्यावर, तिसऱ्या रात्री त्यापुढे, असे करीत सारे रान खताने भिजते. ह्यात जागेचे भाडे मेंढपाळ देत नाही. उलट शेतकरीच त्यास ज्वारी किंवा रोख रक्कम देतो. पाहुण्याने राहावे म्हणून यजमानाने पैसे मोजावेत, ह्याहून तळाच्या अर्थशास्त्राचा स्पष्ट पुरावा कोणता हवा?

मोठा तळ मोडला तो लोखंडाच्या रुळांनी. 1900 च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद हा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग परभणी, पूर्णा, नांदेड ह्या मार्गे सुरू झाला, आणि जो माल बैलाच्या पाठीवर सहा-सात मैलांच्या टप्प्यांनी जात होता तो एका रात्रीत शेकडो मैल जाऊ लागला. लमाणांचे बैल निरुपयोगी ठरले. बऱ्याच तांड्यांनी माळावर कायमची वस्ती केली, आणि तांडा ह्या नावाने आज जी गावे मराठवाड्यात दिसतात त्यांतील पुष्कळ ह्याच स्थित्यंतरातून आली. दुसरीकडे 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने फिरणे हेच संशयास्पद ठरविले. नोंद, हजेरी, परवाना आणि गावच्या पाटलाकडून येतानाचा व जातानाचा दाखला, असा ससेमिरा फिरस्त्यांच्या मागे लागला, आणि सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड वसाहतच उभी राहिली. संस्थानी मुलखावरही ह्या दृष्टीची छाया पडल्यावाचून राहिली नाही. पूर्वी पाटील पाहुण्यास विचारी तो कशासाठी आला आणि काय देईल हे जाणण्यासाठी. आता तो विचारू लागला तो पोलिसांच्या नोंदवहीसाठी. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा रद्द झाला खरा, परंतु गावाच्या नजरेत मुरलेला संशय रद्द करण्याचा अधिकार कोणत्याच विधिमंडळास नव्हता.

राहता राहिली जमीन. 1317 फसलीच्या हैद्राबाद जमीन महसूल कायद्याखाली ताडकळसच्या मुलखात गायरान व खारीज खाता ह्यांची नोंद होत असे. 1967 च्या 15 ऑगस्टपासून त्या कायद्याची जागा 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने घेतली. परंतु दरम्यान गायरानाकडे पाहण्याची दृष्टीच बदलली होती. ज्यांच्या पूर्वजांनी बिगार वाहिली त्या भूमिहीनांस गुजराणीसाठी जमीन हवी होती, आणि दादासाहेब गायकवाड ह्यांच्या नेतृत्वाखाली 1959 व 1964 साली झालेल्या सत्याग्रहांनी ही मागणी ऐरणीवर आणली. 28 नोव्हेंबर 1991 च्या शासननिर्णयाने 14 एप्रिल 1990 पूर्वीची गायरानावरील शेतीची अतिक्रमणे नियमित करण्याचा मार्ग खुला झाला. पुढे 28 जानेवारी 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला आणि त्यास अनुसरून महाराष्ट्र शासनाने त्याच वर्षी 12 जुलैचा निर्णय काढला. जमीन कसणारा आणि जमीन राखणारा ह्या दोघांच्या ह्या झगड्यात तिसरा, म्हणजे केवळ रात्रीपुरता उतरणारा, कोणाच्याच अर्जात आला नाही. कागदावर तोही अतिक्रमक, आणि तेही ज्याचे नाव सातबारावर चढण्याचा संभव नाही असा.

ह्याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकास तळाचे एक नवे रूप बहरले. अमेरिकेच्या पश्चिमेकडील वाळवंटात केंद्र सरकारच्या मालकीचे अफाट रान आहे. 1934 च्या टेलर कायद्याने तेथील चराईस शिस्त लावली आणि 1946 मध्ये चराई खाते व जुने भूमी खाते एकत्र करून ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट स्थापन झाले. म्हणजे तेही मूळचे गायरानच. त्या रानात निजण्याची, रांधण्याची व शौचाची सोय असलेली मोटारघरे घेऊन निवृत्त दांपत्ये उतरतात, आणि सामान्य नियम असा की 28 दिवसांच्या अवधीत 14 दिवसांपर्यंत एका जागी विनामूल्य राहावे, नंतर दूर सरकावे. ॲरिझोनातील क्वार्टझसाइट गावाजवळ ला पोसा येथे तर 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल असा दीर्घ मुक्काम 1983 पासून शुल्क घेऊन करू दिला जातो. तेथेही हा सारा व्यवहार औदार्याचा नाही: मर्यादा आहे, शिस्त आहे, आणि हिवाळ्यात त्या ओसाड गावाची बाजारपेठ ह्या पाहुण्यांवर चालते. फरक एवढाच, की तेथे फिरणारा संशयित नसून ग्राहक आहे. आपल्याकडेही 2021 साली राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले; पर्यटकाच्या मोटारघरास वीज, पाणी व मलनिस्सारण ह्यांनी सज्ज तळ असावा हा त्याचा हेतू. हेतू स्वागतार्ह आहे. परंतु चाकांवरचे घर आणि गाढवाच्या पाठीवरचे घर ह्यांत कायद्याने भेद करावयाचा, तर तो कोणत्या तत्त्वावर करावयाचा हे सांगणे कठीण आहे.

स्थिर होऊ इच्छिणाऱ्यांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे. तीत 20 कुटुंबांस एक हेक्टर जागा, म्हणजे प्रत्येकी पाच गुंठे, देण्याची तरतूद आहे. ती नेटाने अमलात यावी. परंतु ज्याचा धंदाच फिरण्याचा आहे अशा घिसाड्यास, मेंढपाळास आणि ऊसतोडीच्या टोळीस, एका ठिकाणच्या पाच गुंठ्यांइतकीच वाटेवरच्या दहा ठिकाणच्या रात्रींची गरज आहे. त्यासाठी नव्या कायद्याचीही आवश्यकता नाही. महसूल संहितेच्या कलम 22 मध्ये जिल्हाधिकाऱ्याने बिनताब्याची जमीन कोणकोणत्या कामासाठी राखून ठेवावी त्याची यादी आहे. तीत गुरांची चराई, स्मशान, गावठाण, खळवाडी, बाजार ह्यांच्या पंक्तीस मुक्कामाचा तळही बसलेला आहे. ताडकळससारख्या रहदारीच्या गावी दहा-वीस गुंठ्यांचा असा तळ मोजून, हद्दीचे दगड रोवून, पाण्याचा एक नळ देऊन आणि मुक्कामाच्या रात्रींची कमाल संख्या फलकावर लिहून राखून ठेवला, तर फिरस्त्यास गयावया करावी लागणार नाही आणि गावासही तक्रारीस जागा राहणार नाही. जुन्या करारात जे मोघम होते ते त्यामुळे लेखी होईल, आणि ज्या हक्काची सनद एकेकाळी छपराचे गवत ओढण्याच्या परवान्याने सुरू झाली, तो हक्क प्रथमच कोणाचेही छप्पर उघडे न पाडता बजावता येईल.